आमच्या घरात नदी नव्हे, ओढा शिरला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा करमाळा, माढा, मोहोळ आणि सोलापूरचे उत्तर-दक्षिण दोन्ही तालुके हवालदिल झाले. लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद पडला. सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांतून किती पाणी सोडलं याची चर्चा पारापारावर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण मोहोळ तालुक्यातल्या आमच्या वस्तीत पाणी शिरलं ते नदीचा मोठा पूर यायच्या दोन दिवस आधी. नदी तेव्हा पात्रातच होती. आम्हाला बुडवलं ते आमच्याच ओढ्यानं. पंचनाम्यात मात्र ‘पूर’ एवढाच शब्द आला आणि सगळं नदीच्या नावावर गेलं.

पहाटे तीनच्या सुमाराला म्हैस हंबरली म्हणून मी उठले आणि पाय टेकला तो पाण्यातच. थोरल्यानं विळ्यानं दावं कापून जनावरं चढावर काढली. मी आणि सुनेनं ज्वारीची चार पोती बाजेवर चढवली, खालची तीन राहिली. आठ दिवसांनी त्यातलं एक पोतं फोडलं तर आत दाणा सुटा राहिलाच नव्हता. पांढऱ्या कोंबांची चटई झाली होती, हात लावला तर आतून गरम. वर्षभर खायची मालदांडी ज्वारी होती ती.

उजाडल्यावर गावाच्या रस्त्याकडे गेले आणि जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. रस्त्याच्या वरच्या अंगाला पाणी छातीएवढं, खालच्या अंगाला गुडघ्याएवढं. मध्ये फक्त रस्त्याचा भराव. तिथं पूर्वी फरशी होती, म्हणजे वरून पाणी वाहून जाईल असा ठेंगणा पूल. मोठा पाऊस झाला की दोन-चार तास वाट बंद व्हायची, पण पाणी फरशीवरून निघून जायचं. नंतर भराव टाकून रस्ता उंच केला आणि पाण्याला तीन सिमेंटच्या नळ्या ठेवल्या. त्या दिवशी तिन्ही नळ्यांच्या तोंडात उसाचं पाचट, मल्चिंगचा कागद, मुळासकट आलेली एक वेडी बाभूळ आणि त्या सगळ्याला गुंडाळलेल्या ठिबकच्या काळ्या नळ्या असा बोळा बसला होता. पोरांनी कोयत्यांनी तोडायचा प्रयत्न केला, जमेना. शेवटी जेसीबीनं भराव फोडला आणि तासाभरात वस्तीतलं पाणी ओसरलं. ज्या पाण्याला जायला वाट मिळताच ते तासाभरात जातं, ते रात्रभर आमच्या घरात का थांबलं, याचं उत्तर त्या नळ्यांत आहे.

पाऊस जास्त झाला हे खरंच. सोलापूरचा वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला की सरकारदरबारी अतिवृष्टी, म्हणजे वर्षाच्या पावसाचा आठवा-नववा हिस्सा एका दिवसात. त्यात आमचं रान काळं. मे महिन्यात त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मृगाचा पाऊस ते गटागटा पितं. सप्टेंबरपर्यंत त्या भेगा मिटलेल्या असतात, माती फुगून घट्ट झालेली असते. मग वरून पडेल ते सगळं ओढ्यालाच धावतं. म्हणून आपल्याकडे परतीच्या पावसाला ओढा सगळ्यात मोकळा लागतो.

आणि नेमका तोच आपण आवळून टाकला आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा ओढ्यातून दोन बैलगाड्या शेजारून जायच्या. आता काही ठिकाणी चौथीतलं पोरगं उडी मारून पलीकडे जाईल. दरसाल नांगरताना एखादं तास पुढं सरकतं, ऊस काठाला टेकतो, उरलेल्यात बाभळी माजतात. यात आमचं घरही आहे. सासऱ्यांच्या काळात आमच्या जमिनीच्या गटाचा बांध ओढ्याकडे सरकला, तो आम्ही मागे घेतला नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण ते लपवून दुसऱ्याकडे बोट दाखवणं मला जमणार नाही.

खोलीकरणाबद्दलही एकदा स्पष्ट बोलायला हवं. ओढा खोल केला, पाणी साठलं, विहिरींना फायदा झाला. पण काढलेली माती आणि मुरूम दोन्ही काठांवर ढिगानं तशीच सोडली. आता रानातलं पाणी ओढ्यात उतरायला वाट नाही. ते ढिगाऱ्याच्या कडेकडेनं पळतं आणि जिथं ढीग संपतो तिथं एकदम फुटतं. आमच्या शेजाऱ्यांचं अर्धा एकर रान असंच खरवडून गेलं, खालचा मुरूम उघडा पडला. खालच्या कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गेही, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, त्या पावसात बसवलेलेच होते. ते पावसाळ्याआधी काढायचे आणि पाऊस सरल्यावर टाकायचे असतात, हे गावातल्या म्हाताऱ्यांनाही पाठ आहे. काढायचं काम कुणाचं, यावर मात्र अजून एकमत नाही.

ओढा सध्या कोरडा ठणठणीत आहे. जे करायचं ते आत्ताच, रोहिण्या निघायच्या आत. नळ्या काढून तिथं रुंद गाळ्याची मोरी, म्हणजे छोटा पूल, बांधावी. तेवढा पैसा नसेल तर भराव उतरवून पुन्हा फरशी करावी. चार तास वाट बंद राहिलेली आम्हाला चालेल. काठावरचे ढीग फोडून ती माती उथळ रानात न्यावी, मागणारे शेतकरी पुष्कळ आहेत. आणि वरच्या माळावरच्या फुटलेल्या बांधांचे सांडवे दगडांनी पुन्हा रचावेत. माळावर पाणी थोडं थांबलं तर ओढ्याला एकदम लोंढा येत नाही. हे काम सगळ्यात स्वस्त, आणि तेच कायम मागे पडतं, कारण माळावर कुणाचं घर नसतं.

आणखी एक. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली शेतातल्या पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहात घातलेला अडथळा काढायला लावण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. आपल्याकडे हे कलम शेतरस्त्याच्या भांडणात सगळ्यांना ठाऊक असतं, पाण्यासाठी ते कुणी वापरलेलं मी पाहिलं नाही. अडथळा घातल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, त्यामुळे नवीन भराव, नवीन बांध दिसला की लगेच जावं. जुनं सरकलेलं मात्र मोजणीशिवाय सुटणार नाही. गाव नकाशात ओढा किती रुंद आहे ते सगळ्या गावासमोर एकदा मोजून खुणेचे दगड रोवले पाहिजेत.

तसा अर्ज मी ग्रामपंचायतीत दिला आहे. तो १ मेच्या ग्रामसभेपुढे ठेवावा आणि मोजणी आमच्या गटापासून सुरू करावी, असं त्यात लिहिलं आहे.

आपली,
एक शेतकरी महिला,
ता. मोहोळ, जि. सोलापूर