पुस्तक बदलायची तारीख

सोलापूर,
रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "अण्णा, लग्नाआधी किती वाचायचे मी, आता वेळच होत नाही." तेवढ्यात बंटी रडायला लागला आणि बोलणं राहिलं. म्हटलं, लिहूनच कळवावं. फोनवर तू माझं अर्धंच ऐकतेस, असं तुझ्या आईचंही म्हणणं आहे.

तुला वेळ नाही हे मला एकदम मान्य आहे. सकाळी डबे, बंटीची शाळा, कोथरूडहून हिंजवडीला जायला तास-सव्वा तास, यायला त्याहून जास्त, घरी आल्यावर परत लॅपटॉप उघडायचा. यात कुणी "रोज एक तास वाच, ठरवलं की होतं" असं सांगायला आलं तर त्याला आधी तुझ्या बसमध्ये बसवावं. पण एक सांगतो. मला जे वाचणारे भेटले, त्यांतल्या कुणाकडेच मोकळा तास नव्हता.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा, होतो तेव्हा पाळी बारा तासांची. कांडी संपली की माग थांबतो, तार तुटली की थांबतो, नक्षी विणणाऱ्या जॅकार्डचं काही अडकलं की विणकर हात वर करून खूण करतो. खूणच करावी लागते, कारण त्या खडखडाटात शेजारच्याची हाक ऐकू येत नाही. अशा ठिकाणी वाचन कसलं? पण वीज जायची. सगळी शेड एका क्षणात गप्प व्हायची, कानात नुसता घूं आवाज राहायचा आणि सगळे चहाला बाहेर पडायचे. मी डब्याच्या पिशवीतून पुस्तक काढून दारातल्या उजेडात बसायचो. वाचनालयाचं पुस्तक म्हणून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, तरी त्याच्यावर माझ्या तेलकट बोटांचे ठसे उमटायचे. पानांच्या बेचक्यात सुताची धूळ बसायची, परत देताना मी ती फुंकून काढायचो. वीज पाच मिनिटांत येईल की दोन तासांनी, काही सांगता यायचं नाही. आली की वाक्य अर्धं टाकून उठायचं.

याचा एक फायदा झाला. पुस्तक कुठंही मिटता यायला लागलं आणि कुठूनही परत उघडता यायला लागलं. तुझं तसं नाही. तुला लहानपणापासून प्रकरण संपवूनच उठायचं असतं. सलग निवांत वेळ असेल तरच पुस्तक हातात घ्यायचं, नाहीतर नकोच. लिफ्टपाशी, डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तू मोबाइल बघतेस, कारण तो मध्येच ठेवता येतो. पुस्तकही ठेवता येतं की! फक्त ते त्या वेळी हाताशी पाहिजे. बेडरूमच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलेलं पुस्तक कुकरपाशी काय कामाचं?

तू हिशोबी आहेस म्हणून एकदाच हिशोब मांडतो. आपण मराठी सावकाश वाचलं तरी रोजच्या पाव तासात दहा पानं होतात. दोनशे पानांचं पुस्तक वीस दिवसांत संपलं. वर्षाची अठरा झाली. आता हा हिशोब विसरून जा. वर्षाला बावन्न पुस्तकं वाचायची आणि त्यांचे फोटो टाकायचे, हे जे खूळ निघालंय त्याच्या नादी लागू नकोस. त्यात माणूस पातळ पुस्तकं शोधायला लागतो.

आणि ते पंधरा मिनिटांत पुस्तकाचा सारांश सांगणारं ॲप तू मला दाखवलं होतंस. बंद करून टाक. हुरड्याच्या पार्टीचे फोटो बघून पोट भरतं का?

आता मुद्द्याचं बोलतो. वाचनालयात नाव घाल. तू म्हणशील, घरी न वाचलेली पुस्तकं पडलीत, ऑनलाइन मागवलेली पडलीत, आणखी वाचनालय कशाला? त्यासाठीच. विकत घेतलेलं पुस्तक कुठं जात नाही, म्हणून ते पुढच्या महिन्यावर ढकललं जातं. वाचनालयाचं पुस्तक ठरल्या तारखेला परत द्यायचं असतं. हिराचंद नेमचंद वाचनालयात मी इतकी वर्षं जातोय. पुस्तक बदलायची तारीख दोन दिवसांवर आली की माझं वाचन आपोआप वेग घेतं. तुझी आई हसते, "परीक्षा आहे का उद्या?" म्हणते. पण दंडाच्या चार-दोन रुपयांपेक्षाही काउंटरवर "वाचून नाही झालं" म्हणायची लाज मोठी असते. माझ्या वाचनात शिस्त आली असेल तर ती या तारखेनं आणली, माझा स्वभाव तुला माहीतच आहे.

पुण्यात तर चंगळ आहे. पुणे नगर वाचन मंदिर लक्ष्मी रोडला आहे, १८४८ सालापासूनचं. पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी म्हणून ते सुरू झालं, लोकहितवादींचा त्यात पुढाकार होता. नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय आहे. डेक्कन ओलांडून लकडी पूल पार केला की आलंच. शनिवारी बंटीला घेऊन जा, येताना त्याला काहीतरी खायला घाल, म्हणजे पुढच्या वेळी तोच आठवण करील. वर्गणीही परवडते. आपल्या राज्यात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळायला लागलं, त्याचा हा फायदा. ते अनुदान वेळेवर मिळतं का, हे मात्र ग्रंथपालांना विचारू नकोस, तासभर जाईल.

पण ग्रंथपालांशी बोल जरूर. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे शिक्षक, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी पुढं १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं सूत्र आहे : वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथपालाचं ते कामच आहे. तू कपाटासमोर अर्धा तास उभी राहून पुस्तकांच्या मागचा मजकूर वाचत बसशील. त्यापेक्षा सरळ सांगावं, "मला असं काहीतरी द्या, दमलेली असते, रात्री दहा मिनिटं मिळतात." काउंटरवरची माणसं कोण काय घेऊन जातं आणि काय न वाचता परत आणतं हे रोज बघत असतात. त्यांच्याइतकी खरी शिफारस तुला कुठं मिळायची नाही.

नाही आवडलं तर परत कर. पन्नास पानांत मन रमलं नाही तर तिथंच सोडून दे, भले त्याला पुरस्कार मिळालेला असो. तुझ्या उशाशी ते जाडजूड इंग्रजी पुस्तक मागच्या दिवाळीतही होतं आणि गुढीपाडव्यालाही तिथंच होतं, खूणही त्याच पानावर. ते संपवायचं म्हणून तू दुसरं हातात घेत नाहीस आणि तेही वाचत नाहीस. ताटात वाढलेलं टाकू नये हे मीच तुला शिकवलं, पण ते पुस्तकाला लागू नाही.

काय वाचावं याची यादी मी देणार नाही. गेल्या वेळी हुतात्मा एक्स्प्रेसनं जाताना बंटीनं तुला विचारलं, हुतात्मा म्हणजे कोण? तू गाडीतूनच मला फोन लावलास. मी सांगितलं : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे. १९३० साली सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला, त्यानंतर या चौघांवर खटला झाला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात त्यांना फाशी दिली. चार पुतळ्यांपाशी तू शाळेच्या प्रभातफेरीत दरवर्षी जायचीस, तरी नावं आठवली नाहीत म्हणून तुला चुटपुट लागली. रात्री परत फोन करून तू तासभर प्रश्न विचारलेस. तेव्हा बरा वेळ मिळाला? वाचायला तिथूनच सुरुवात करायची, ज्या गोष्टीनं डोकं खाल्लंय तिथून. सोलापूरचा मार्शल लॉ घे, गिरण्या कशा आल्या आणि कशा बंद पडल्या ते घे, बंटीचे दात, मागाचं यंत्र, काहीही. कुतूहल लागलेलं असलं की झोप मोडून वाचतं माणूस.

बसमध्ये वाचलं की तुला मळमळतं, माहीत आहे. तर मग ऐक. आता मराठी पुस्तकं मोबाइलवर ऐकायला मिळतात. "ते काय खरं वाचन नव्हे" असं म्हणणारे शहाणे तुला भेटतील. केरळात कण्णूरकडं विडी कामगारांची जुनी रीत होती : सगळ्यांनी विड्या वळायच्या आणि एकानं मोठ्यानं वर्तमानपत्र नाहीतर पुस्तक वाचायचं. वाचणाऱ्याच्या वाटणीच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे. १९६९ साली दिनेश विडीची सहकारी संस्था निघाली, तिथंही ही रीत चालू राहिली. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात, पान, जर्दा, दोरा यांत हात अडकलेले, कान मोकळे. आपल्याकडं त्या कानांवर टीव्हीच पडतो, याचं मला वाईट वाटत आलंय. तुझेही कान बसमध्ये दोन-अडीच तास मोकळे असतात. दोनशे पानांचं पुस्तक वाचून दाखवायला सहा-सात तास लागतात, म्हणजे आठवड्याच्या आत होतंय. कथा, कादंबरी, आत्मचरित्र ऐकायला चांगलं. कविता किंवा विचार करायला लावणारं काही असेल तर ते मात्र डोळ्यांनीच वाच, तिथं दोन ओळी मागं जावं लागतं.

सोलापूरला येतानाचे चार तास मात्र कानांना देऊ नकोस. रेल्वेत तुला मळमळत नाही. दौंडपर्यंत गर्दीचा गोंधळ असतो, तिथून कुर्डुवाडीपर्यंत गाडी कशी छान लागते. भिगवणपाशी उजनीचं पाणी दिसेल तेव्हा तेवढी मान वर कर आणि बंटीला पक्षी दाखव. त्यालाही झोपताना वाचून दाखव, तेही वाचनच धर. तुला मी जॉबरची कटकट सांगत झोपवायचो, त्यापेक्षा बरंच म्हणायचं.

सध्या मोठं पुस्तक झेपत नसेल तर दिवाळी अंक आहेतच. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाची ही सोय आहे. एका बैठकीत एक कथा, झालं. आमच्या इथं उन्हाळ्यात बारा ते चार घराबाहेर पडायची सोय नसते, तेव्हा कूलरसमोर बसून आम्ही दोघं गेल्या दिवाळीचे उरलेले अंक संपवतो. कुणाचा अंक आधी यावरून भांडणही होतं.

शेजारचा सागर बुधवारी सकाळच्या हुतात्मानं पुण्याला निघालाय. त्याच्याबरोबर पिशवी देतोय. त्यात चार अंक आहेत, शेंगाची चटणी आहे आणि कडक भाकरी. भाकरी लगेच डब्यात घाल, नाहीतर मऊ पडेल. अंक परत पाहिजेत. त्यांतल्या दोन अंकांत आईनं खुणा घालून ठेवल्यात, तिचे वाचून व्हायचेत, तरी तुझ्यासाठी देतेय. महिनाअखेरीस तुम्ही येणार आहात तेव्हा घेऊन या.

वाचनालयाची अनामत मी भरतो. दोन्हीकडं फोन करून विचार, कुठलं तुला जवळ पडतं आणि शनिवारी संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं, आणि रक्कम कळव. जावईबापूंना नमस्कार, बंटीला पापा.

तुझे,
अण्णा