ती गाडी माझीच

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या पत्रांत गेल्या आठवड्यात फोंड्याच्या एका गृहस्थांचे पत्र आले आहे. रविवारी सकाळी फर्मागुडीच्या चढणीवर एका ‘जुनाट इंग्रजी डब्या’मागे आपण वीस मिनिटे अडकून पडलो, असे ते लिहितात. शेवटी त्यांची सूचना अशी, की पन्नास वर्षांवरच्या सगळ्या गाड्या रस्त्यावरून उचलाव्यात आणि एखाद्या वस्तुसंग्रहालयात नेऊन ठेवाव्यात.

तो डबा माझा. फिकट हिरवा, चार दारांचा, १९५८ सालचा मॉरिस मायनर १०००.

मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले, त्यामुळे आधी त्या वीस मिनिटांचे बघू. चढण दोन किलोमीटरची धरून चालू. मी ती तिसऱ्या गियरमध्ये ताशी तीसच्या वेगाने चढते, म्हणजे चार मिनिटे झाली. वीस मिनिटे लागायला ताशी सहा किलोमीटरने चढावे लागेल. तेवढ्या वेगाने मी गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधी पायी चढत होते. पण चार मिनिटेसुद्धा मागच्या माणसाला जड जातात हे मला मान्य आहे. त्या दिवशी मी डावीकडे घेऊन त्यांना पुढे जाऊ द्यायला हवे होते, ते राहून गेले. त्याबद्दल क्षमस्व.

वस्तुसंग्रहालयाची सूचना मात्र मला पटलेली नाही.

बाबांची फोंड्यात फार्मसी होती. गोवा मुक्तीनंतर काही महिन्यांनी, १९६२ साली, लिस्बनला निघालेल्या एका कुटुंबाकडून त्यांनी ही गाडी घेतली. आजच्या मुलांना नवल वाटते की गोव्यात तेव्हा एवढ्या परदेशी गाड्या कुठून आल्या. १९५४ नंतर भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली होती, पण मुरगाव बंदरात युरोपचा माल थेट उतरत होता आणि खाणींच्या खनिजामुळे काही लोकांच्या हातात पैसा खुळखुळत होता. ऑस्टिन, मॉरिस, ओपेल, मर्सिडीज सगळे काही दिसायचे. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची उजवी बाजू धरली. गोव्याला मात्र शेजारच्या ब्रिटिश मुलखामुळे डावीच ठेवावी लागली. त्यामुळे उजवीकडे स्टिअरिंग असलेली इंग्रजी गाडी इथे घरच्यासारखी चालली.

आणि ही गाडी कोणा गर्भश्रीमंताची नव्हे. १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली ती शिक्षक, डॉक्टर, कारकून यांच्या घरासाठी. अॅलेक इसिगोनिस यांनी ती आखली. नमुना तयार झाल्यावर त्यांना ती अरुंद वाटली, म्हणून मधोमध कापून चार इंचांनी रुंद केली. बॉनेटवर मधून जाणारी सपाट पट्टी दिसते ना, ती त्याचीच खूण. कंपनीचे मालक लॉर्ड नफील्ड यांनी तिला उकळत्या पाण्यात फोडून शिजवलेल्या अंड्याची उपमा दिली होती. त्या ‘अंड्या’चे दहा लाख नग विकले गेले, आणि इंग्लंडमध्ये तोवर कोणत्याही गाडीने तो आकडा गाठला नव्हता. माझ्या गाडीचे इंजिन ९४८ सीसीचे, ३७ अश्वशक्तीचे. अॅम्बेसेडरचे सामान हिला चालते अशी आमच्याकडे एक समजूत आहे. चालत नाही. अॅम्बेसेडर हा मॉरिस ऑक्सफर्डचा वंश, इंजिन १४८९ सीसीचे. मी दोनदा पैसे घालवून हे शिकले.

आता मूळ मुद्दा. ही गाडी उभी ठेवली की मरते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

२०१६ मध्ये जूनच्या सुरुवातीला माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. गाडी छपराखाली, वर ताडपत्री, अगदी ‘सुरक्षित’. चवथीच्या तोंडावर माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या आराशीचे, सामान आणायला म्हणून भाच्याने ताडपत्री काढली. आतल्या सीटवर पांढरी बुरशी, कार्पेटखाली पाणी, एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने केलेले कापसाचे घर. हे सगळे धुऊन पुसून जाते, त्याचे काही नाही. पण चावी फिरवली आणि टिकटिक आली नाही.

ही टिकटिक म्हणजे काय ते सांगते. हिचा पेट्रोलपंप विजेवर चालतो आणि इंजिनमागच्या पत्र्यावर बसवलेला असतो. चावी फिरवली की तो टिकटिक करत कार्बोरेटर भरतो. भरला की गप्प बसतो. बाबा म्हणायचे, घड्याळ थांबले की निघायचे. थांबलेच नाही तर टाकी रिकामी आहे किंवा कुठेतरी गळते आहे. अजिबात वाजले नाही तर आतल्या वीज जोडणाऱ्या दोन छोट्या पॉइंटांवर काजळी धरलेली असते. रोज चालणाऱ्या गाडीत ते पॉइंट आपोआप साफ राहतात. तीन महिने दमट हवेत पडून राहिले की चिकटतात. स्पॅनरच्या दांड्याने पंपाला हलकी टिचकी मारली की बहुतेक वेळा जाग येते, पण त्या वेळी आली नाही. पंप उघडून पॉइंटांमधून जाड कागदाची पट्टी फिरवावी लागली.

पंप चालू झाला, इंजिनही लागले, पण गाडी जागची हलेना. मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेकशू गंजून ड्रमला धरलेले. चूक माझीच. पावसाळ्यात गाडी उभी करताना हँडब्रेक ओढायचा नसतो, चाकामागे चिरा लावायचा असतो. ऑपरेशनच्या गडबडीत मी तो ओढून गेले होते. पुढच्या चाकाच्या एका ब्रेकसिलिंडरचा पिस्टनही जाम. ब्रेकऑइल हवेतले पाणी ओढून घेते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ते पाणी पाइपात बसून आतून पोखरत राहते. ब्रेकऑइलची टाकी म्हणाल तर ड्रायव्हरच्या पायाखाली. कार्पेट उचलून जमिनीतले बूच काढायचे तेव्हा ती दिसते, म्हणून कोणी बघत नाही. त्या सगळ्या दुरुस्तीला जे बिल झाले त्यात एखादी बरी दुचाकी आली असती. त्यानंतर मी नेम केला. पाऊस असो नसो, रविवारी सकाळी मार्दोळहून फोंडा, बाजार आणि परत.

बाकीची निगा म्हणजे कामवालीच्या कामासारखी, दिसत नाही पण एक दिवस चुकली की कळते. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोके असतात, ती माती साचून बुजतात आणि दार आतून सडते. माडाच्या झाडणीचा हीर त्यात घालून मी दर पंधरा दिवसांनी ती मोकळी करते. कार्बोरेटरच्या डोक्यावरची काळी टोपी फिरवून आत पातळ तेल बघायचे. ते संपले की अॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी ठेचकाळते. बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली आहे, आजच्या गाड्यांच्या उलट. म्हणून बॅटरीजवळ मी मराठीत मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली आहे, ‘आधी विचारा’.

आणि ग्रीस. पुढच्या प्रत्येक चाकाच्या किंगपिनला, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या खांबाला, ग्रीस भरायचे वर एक आणि खाली एक निपल. दर हजार मैलांना चाक जॅकवर उचलून, भार काढून, ग्रीसगनने जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत भरायचे. खालचा जोड आट्यांवर फिरतो. ग्रीस नसले की आटे झिजतात, आणि झिजलेले आटे एक दिवस सुटतात. १९९४ मध्ये मी एका गॅरेजला सर्व्हिसिंगला दिली होती. बिलात ग्रीस लिहिले होते, निपलांवर मात्र धूळ तशीच. मी वाकून बघितले नाही. महिन्याभराने मंगेशीजवळच्या वळणावर कड्कन आवाज झाला आणि गाडी डाव्या गुडघ्यावर बसली, चाक आतल्या बाजूला मुडपलेले. सुदैवाने वेग वीसचा होता आणि पुढे फक्त एक म्हैस होती. तेव्हापासून ग्रीसगन माझ्या हातात. आमचा मेस्त, म्हणजे मेकॅनिक, म्हणतो, बाई, साडीला डाग पडतील. मी म्हणते, पडू देत, ही साडी त्याचसाठी आहे.

आता कायद्याचे. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी असेल तर ‘व्हीए’ अक्षरांची पाटी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. आधीची नोंदणी असलेल्यांना जुना क्रमांक ठेवता येतो, ही चांगली सोय आहे. भंगारात काढण्याच्या धोरणातूनही या गाड्या वगळल्या, त्याबद्दल आभारच मानायला हवेत. पण अट अशी की अशी गाडी नियमित वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली, किंवा पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी न्यायची. माझ्या ओळखीच्या दोघांनी हौसेने ही नोंदणी घेतली आणि दोघांच्याही गाड्या आता वर्षाचे अकरा महिने ताडपत्रीखाली आहेत. ताडपत्रीखाली काय होते ते वर लिहिलेच आहे. मी ती नोंदणी घेतलेली नाही. दर पाच वर्षांनी तपासणी करून साधे नूतनीकरण करते. तपासणी जरूर कडक करा. ब्रेक बघा, चाके हलवून बघा, खाली झोपून पत्रा ठोकून बघा. माझ्या गाडीला ड्रम ब्रेक आहेत, मी अंतर ठेवूनच चालवते आणि अंधार पडल्यावर बाहेर काढत नाही. तपासणीत उतरलेली गाडी आठवड्यातून एकदा बाजारात गेली तर कोणाचे काय बिघडते, एवढाच माझा प्रश्न आहे.

पेट्रोलचीही तीच कथा. २००० साली शिसेवाले पेट्रोल बंद झाले. योग्यच झाले. शिशाविना झिजू नयेत म्हणून मी इंजिनचे हेड उतरवून व्हाल्व्हच्या कडक सीटा बसवून घेतल्या, कुरकुर केली नाही. आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे. मागच्या वर्षी पंपापासून कार्बोरेटरकडे जाणारी रबरी नळी हाताला पिकलेल्या चिक्कूसारखी लागली. तिच्या खालीच तापलेला एक्झॉस्ट असतो, म्हणजे विचार करा. टिकटिक थांबत नव्हती म्हणून वेळीच कळले. इथेनॉलला चालणारी नळी घालून घेतली. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी आज, हे पत्र वाचून झाल्यावर, बॉनेट उघडून ती नळी चिमटीत धरून पाहावी. शिवाय हे पेट्रोल टाकीत पडून राहिले की हवेतले पाणी ओढते. जुने टाकीत साठवू नका, वापरून टाका, आणि वापरायचे तर गाडी चालवायला हवी.

तपासणीवरून आठवले. गेल्या खेपेला एका तरुण निरीक्षकांनी इंडिकेटर लावायला सांगितला. मी लावला. ते पुढे जाऊन दिवा शोधू लागले. मी म्हटले, साहेब, इकडे बघा. दोन दारांच्या मधल्या खांबातून वीतभर केशरी हात ‘टक्’ करून आडवा बाहेर आला. हिचा इंडिकेटर लुकलुकत नाही, हात दाखवतो. १९६१ पर्यंतच्या मायनरना असाच असे. साहेब दोन पावले मागे सरले, मग हसले, मग तीनदा लावायला सांगून मोबाइलवर शूटिंग केले. वेगळे दिवे बसवायची अट मात्र घातली. ते मी मागेपुढे बसवले आहेत, पण सवयीने बोट जुन्या बटणाकडेच जाते.

त्यामुळे पत्रलेखक महाशयांना एक सांगणे. येत्या रविवारी साडेसातच्या सुमारास मी पुन्हा त्या चढणीवर असेन. या खेपेला रुंद जागा येताच डावीकडे घेईन. डाव्या खांबातून केशरी हात बाहेर आला की खुशाल पुढे जा. पावसात तो कधी कधी अडकतो. तेव्हा मी आतून खांबावर थाप मारते. थाप ऐकू आली तर हॉर्न न वाजवता दोन सेकंद थांबा, येतो तो बाहेर.

आपली नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षिका
मार्दोळ, फोंडा