सीमेचा विषय सोडून

प्रिय सई,

काल मी रशियाच्या सीमेचा विषय काढला, तू फोन ठेवलास आणि तुझ्या आईने माझ्याशी अबोला धरला. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठाचं ॲडमिशन झालंय, तिकीट निघालंय. तेव्हा तो विषय बंद.

एस्टोनिया इवलासा. ४५ हजार चौरस किलोमीटर, माणसं १४ लाखसुद्धा नाहीत, निम्मा देश जंगल. डॅनिश, जर्मन, स्वीडिश, मग रशियन, असे धनी बदलत गेले. तुझं विद्यापीठ १६३२ चं, स्वीडनच्या राजाने काढलेलं. १९१८ ला स्वातंत्र्य मिळालं, १९४० ला सोव्हिएत फौजा घुसल्या. मार्च १९४९ मध्ये चार दिवसांत वीस हजारांवर माणसं, त्यात बायका-मुलंच जास्त, मालगाड्यांत कोंबून सायबेरियाला धाडली. बघ, आलोच फिरून तिथे.

१९९१ ला सुटल्यावर मात्र त्यांनी कमाल केली. पुढच्याच वर्षी रूबल टाकून स्वतःचा क्रून आणला आणि आठ क्रूनला एक जर्मन मार्क असा बांधून टाकला. सरकारला मनाला येईल तशा नोटा छापता येईनात, म्हणून भाववाढ आवरली. २००४ ला नाटो आणि युरोपीय संघ, २०११ ला युरो. स्काइपचं सॉफ्टवेअरही तिथल्याच मुलांनी लिहिलं. अशा ठिकाणी आमची सई शिकणार, हे सोसायटीत सगळ्यांना सांगून झालंय.

पोचल्यावर महिन्याच्या आत पत्ता नोंदव. तिथल्या डिजिटल ओळखपत्राला दोन पिन असतात: पहिला लॉगिनचा, दुसरा सहीचा. दुसरा टाकण्याआधी मजकूर वाच, ती सही हाताने केलेल्या सहीइतकीच पक्की. तीनदा चुकलीस की पिन लॉक, मग तो उघडायला पीयूके नावाचा वेगळा कोड लागतो. कोडचं पाकीट कार्डाबरोबर ठेवू नकोस. दहावीचं हॉल तिकीट फ्रीजवर सापडलं होतं, म्हणून सांगतो. असो, झालं माझं लेक्चर.

डिसेंबरात उजेड जेमतेम सहा तास. अंधारात चालताना हेल्कुर, म्हणजे रिफ्लेक्टर, कायद्यानेच लागतो. जॅकेटच्या उजव्या खिशाला दोरीने अडकव, गुडघ्याशी लोंबायला हवा. पिशवीखाली झाकला गेला तर ड्रायव्हरला तू दिसणारच नाहीस. फूटपाथ नसेल तिथे डाव्या कडेने चाल.

लोक मोजकं बोलतात, तुसडे समजू नकोस. चौथा हिस्सा रशियन बोलणारा, सीमेवरच्या नार्व्हा शहरात तर जवळपास सगळेच. त्यांच्याशी नीट वाग, सीमा त्यांनी आखलेली नाही. तिथे नदीच्या या काठाला हर्मनचा किल्ला, समोर रशियातलं इव्हानगोरोद. जाशील तेव्हा आधी कळव. नको, परत आल्यावरच कळव, नाहीतर मला झोप लागायची नाही.

तुझा,
बाबा