बरं झाल्यावर या पोरांनी जायचं कुठे?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड, बंदर, कुठेही बघा, डोक्यावर परिणाम झालेली तरुण पोरं फिरताना दिसतात. लोक वाईट नाहीत, कुणी वडापाव देतं, कुणी जुना शर्ट देतं, पण त्रास व्हायला लागला की त्यालाच पुढच्या गाडीत बसवून देतात.

आमच्या बंदरावर एक होता, विशी-बाविशीचा, ट्रॉलरवर खलाशी म्हणून लांबून आलेला. मे महिन्याच्या उकाड्यात अंगावर तीन शर्ट आणि हातात मोबाईलचा चार्जर, मोबाईल नाहीच, पण चार्जरला कुणाला हात लावू द्यायचा नाही. स्किझोफ्रेनियासारखे मनाचे आजार बऱ्याचदा याच वयात सुरू होतात, आणि घरापासून लांब असताना झाले की काम जातं, खोली जाते, आधारकार्ड कुठे पडतं ते कळत नाही आणि पोरगं रस्त्यावर येतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम १०० आहे. अशा माणसाला पोलिसांनी ताब्यात घ्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, बेघर असेल तर घरचे शोधायचे. बेघराला सरकारी उपचार फुकट, बीपीएल कार्ड नसलं तरी. बंदरावरच्या त्या पोरासाठी मी पोलिसांना फोन केला तर मलाच विचारलं, कुणाला मारलं का त्याने? मारेपर्यंत थांबायचं का?

रत्नागिरीत सरकारी मनोरुग्णालय आहे, तिथे उपचार होतात, पण डिस्चार्जनंतर काय? कर्जतला डॉ. भरत वाटवानींच्या श्रद्धा संस्थेने रस्त्यावरच्या हजारो रुग्णांना बरं करून घरी पोचवलं, २०१८ ला त्यांना मॅगसेसे मिळालं. पण ज्यांना घरचे परत घेत नाहीत किंवा घरच नाही, त्यांची गोळी चुकली की ती परत स्टँडवरच दिसणार. त्यांना राहायला जागा पाहिजे, वेळेवर गोळी देणारं माणूस पाहिजे, कागदपत्रं पाहिजेत आणि काम शिकवणारं कुणीतरी पाहिजे, कारण हे वय नुसतं कॉटवर पडून राहायचं नाही हो!

पट कमी म्हणून झेडपीच्या कितीतरी शाळा बंद पडल्यात. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, प्रत्येक जिल्ह्यात निदान एक इमारत या पोरांच्या निवासाला द्या, हे पालकमंत्र्यांनी मनावर घेतलं तर अवघड नाही.

आणि साहेब, पत्र छापलंत तर १४४१६ हा नंबर तेवढा ठळक छापा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा आहे, रात्री-अपरात्री लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी