आई, बॅग भरू नको

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायला गेली की आवाजच फुटत नाही, म्हणून लिहून पाठवते. आई, तू रोज विचारून राहिली कधी येऊ, बॅग भरून ठेवते म्हणते, आणि मी रोज पाऊस नीट लागू दे मग ये म्हणून टाळते. आता सांगून टाकते. पिल्लूला नर्सरीत घातलं. आठ दिवस झाले. फी मी एप्रिलमध्येच भरली होती, तू इथे होती तेव्हाच, जिन्यातल्या त्या दिवसानंतर, तुला न विचारता. रागव, पण पूर्ण वाचून रागव. बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यात उघडतात, आपल्याकडे विदर्भात उन्हापायी महिनाअखेर, तर वाटलं होतं तेवढ्या दिवसांत हिंमत करून सांगीन. नाही झालं.

शाळा इथेच मनीष नगरात, दोन गल्ल्या सोडून, मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही. दहा ते साडेबारा वर्ग आणि मग तिथेच पाळणाघर, साडेपाचला मी घेऊन येते. दोन ताई आहेत, एक मावशी आहे, खिडक्यांना डासांच्या जाळ्या आहेत, कूलरमध्ये पाणी साचून तर नाही ना तेही मी झाकण काढून पाहिलं. डबा घरचाच. तूप-गुळाचा पोळीचा कुस्करा नाहीतर आलूची भाजी, सांबार म्हणजे कोथिंबीर न टाकता, तुला माहीतच आहे हिरवं दिसलं की तोंड फिरवते. दुपारी तुझ्या निळ्या साडीच्या दुपट्यावरच झोपते. ते मी अजून धुतलं नाही, धुतलं की तुझा वास जाईल.

पहिल्या दिवशी फाटकाशी ओढणी सोडेचना, ताईंनी एकेक बोट सोडवून आत नेलं. पहिले काही दिवस एकच तास ठेवतात, मग हळूहळू वाढवतात, म्हणून मी सुट्टी टाकून बाहेर कडुनिंबाखाली गाडीवर बसून होती. वीसेक मिनिटांनी रडणं थांबलं आणि खरं सांगते, तेव्हा मला जास्तच कसंतरी झालं. तिसऱ्या दिवशी ताई बाहेर आल्या, म्हणाल्या, अहो तो सारखा टोंगळा दुखते टोंगळा दुखते म्हणून राहिला, घरी पडला का? गुडघा पाहिला तर कुठे खरचटलंही नव्हतं. मग लक्षात आलं. तू त्याला कडेवर घ्यायच्या आधी म्हणायची ना, थांब रे राजा, टोंगळा दुखते. आणि मग घ्यायचीच. तर त्याला वाटते की असं म्हटलं की कोणीतरी आपल्याला उचलून घेते. ताईंना समजावून सांगितलं, आता तो म्हणाला की त्या त्याला जवळ घेतात. पण मी त्या रात्री झोपली नाही आई. अडीच वर्षांत पोट्ट्याने ते किती वेळा ऐकलं असेल, आणि मी ऑफिसातून आल्यावर तू मला एकदाही म्हणाली नाही.

म्हणून घातलं त्याला शाळेत. तुझं काही कमी पडलं म्हणून नाही, तुझ्यासारखं कोण पाहणार आहे त्याला. पण १४ किलोचं पोट्टं, तिसरा माळा, लिफ्ट महिन्यातून चारदा बंद. आणि बाबा तिकडे वर्ध्याला एकटे, सकाळचं वरण रात्री गरम करून खातात, तीन महिन्यांची शुगर ८ च्या वर गेली तेही मला दादाकडून कळलं.

बाबा, तुम्ही म्हणाल एवढ्याशा पोराला काहून शाळा. पण तुम्हीच तर सांगायचे की ताराबाई मोडकांनी पाड्यावरच्या पोरांच्या अंगणातच बालवाडी नेली, तिथून अंगणवाडी आली. इथेही लिहिणं-वाचणं नाही, माती, मणी, गाणी एवढंच. पहिलीला ६ पूर्ण लागतात, घाई कोणाला आहे. आणि मला बालवाडीत सोडलं तेव्हा तुम्ही सायकल फाटकाशी ठेवून पायी तुमच्या शाळेत गेले होते, मला जाळीतून दिसावी म्हणून. परवा मी पण गाडी तिथेच ठेवली आणि ऑटोने ऑफिसला गेली.

रात्री दोनदा गादी ओली केली त्याने, सर्दी पण झाली. नवीन जागा आहे, चालायचंच, तुम्ही काळजी करू नका. कालपासून रडणं फाटकापुरतंच आहे.

आता ऐका. आई, खाली मांडी घालून भाजी निवडायची नाही, खुर्चीवर बसूनच. पाय सरळ करून धरायचा व्यायाम दोन्ही वेळा, बाबा मोजतील. बाबा, जेवणाआधीची गोळी विसरायची नाही आणि तिच्यासमोर चहात साखर टाकायची नाही, ती सांगते मला सगळं. चष्म्याचा नंबर तपासायला दादा शनिवारी नेईल, नाही म्हणायचं नाही.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही तिघंही येतो. जेवायला काही खास करत बसू नको. आणि आई, त्याला पाहून दारापर्यंत धावू नको, उचलू तर अजिबात नको. तू खुर्चीवर बसून राहा, तो येईल चढून मांडीवर. आता चढते तो स्वतः.

तुमची
बेबी