इटलीतल्या क्रेमोनाहून आई-बाबांस

तीर्थस्वरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीपर्यंत मी कायमची मिरजेला परतेन, असे मी कबूल केले होते. ते यंदा होणार नाही. जूनमध्ये शाळा संपल्यावर इथल्याच एका व्हायोलिन कारागिराच्या हाताखाली आणखी दोन वर्षे काम करण्यास मी होकार दिला आहे. फोनवर आईचा आवाज ऐकल्यावर माझा निर्धार टिकला नसता, म्हणून पत्र लिहिते आहे. तुम्हाला आधी विचारले नाही, याची टोचणी मनाला आहेच.

बाबा, हे शहर मला का सोडवत नाही, ते सर्वांत आधी तुम्हालाच कळेल. जुने क्रेमोना पायी सहज फिरून होते, पण एवढ्याशा गावात व्हायोलिनच्या शंभराहून अधिक कार्यशाळा आहेत आणि गल्लीतून जाताना रंध्याचा आवाज आणि वार्निशचा वास येतो, अगदी आपल्या सतारमेकर गल्लीसारखा. सोळाव्या शतकात आंद्रेआ आमाती याने इथे व्हायोलिन घडवायला सुरुवात केली आणि पुढे त्याच परंपरेत अंतोनिओ स्त्रादिवारी झाला. तो १७३७ साली, नव्वदी ओलांडल्यावर वारला, आणि अगदी उतारवयातही त्याच्या हातातली पटाशी सुटली नव्हती. त्याचे दोन मुलगे त्याच्याच हाताखाली तयार झाले होते, परंतु पाच-सहा वर्षांत तेही गेले आणि हळूहळू या गावातली विद्या ओसरली. ज्या सान दोमेनिको चर्चमध्ये त्याला पुरले होते, ते चर्चसुद्धा १८६९ साली पाडून टाकले. आता तिथे बाग आहे आणि मी दुपारचा डबा बहुतेक वेळा तिथेच खाते. १९३८ साली इथे व्हायोलिन घडवण्याची शाळा निघाली, तेव्हा ज्या गावाने ही कला जगाला दिली, त्यालाच ती नव्याने शिकावी लागली. हे मी आपल्या दुकानाला उद्देशून लिहीत नाही, बाबा. तुमच्यानंतर काय, हा विषय मागच्या गणपतीत निघाला, तेव्हा तुम्ही न जेवताच उठून गेलात, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच अर्धवट हात घेऊन परत यायचे नाही, असे ठरवले आहे.

एक गोष्ट तुम्हाला दाखवावीशी वाटते. व्हायोलिनच्या पोटात स्प्रूसच्या लाकडाची पेन्सिलीएवढी जाड, बोटभर लांबीची कांडी उभी असते. ती चिकटवलेली नसते; वरच्या आणि खालच्या पाटीच्या दाबावरच उभी राहते. केसभर सरकली तरी वाद्याचा आवाज बदलतो. इटालियनमध्ये तिला ‘आनिमा’, म्हणजे आत्मा, म्हणतात. पहिल्यांदा ती बसवताना मला तुमचा हात आठवला, तानपुऱ्याच्या जवारीवर तारेखाली दोरा सरकवत ‘आता जीव आला’ म्हणणारा. लहानपणी मी वाळलेल्या भोपळ्याला कान लावून झोपून जायचे आणि तुम्ही मला न उठवता उरलेले भोपळे माझ्याभोवती रचून ठेवायचे.

आई, तू सुट्टीबद्दल विचारतेस. रविवारी मी चौकात जाते. तिथे कॅथेड्रलला लागून तोराझ्झो नावाचा विटांचा मनोरा आहे, सुमारे ११२ मीटर उंच, ५०२ पायऱ्यांचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस एका बाप-लेकाने त्यावर भलेमोठे घड्याळ बसवले. चंद्राच्या कला, राशी, सूर्य, सारे त्यात दिसते, तुझ्या भिंतीवरच्या पंचांगासारखे. तुम्ही आलात की वर चढायचे नाही, खालूनच पाहायचे.

माझ्या जेवणाची काळजी करू नका. आसपासच्या गोठ्यांमध्ये बरेच पंजाबी लोक काम करतात, त्यामुळे कणीक, मसूर, हळद सारे मिळते. पेस्सिना क्रेमोनेसे या जवळच्या गावी मोठा गुरुद्वारा आहे, तिथे लंगरला गेले की घरी जेवल्यासारखे वाटते. हिवाळ्यात पो नदीकडून दाट धुके येते, पण माझी खोली उबदार आहे आणि तू दिलेली गोधडी अजून धडधाकट आहे.

आता माझे ऐका. बाबा, माळ्यावरचे भोपळे काढायला शिडीवर चढायचे नाही, ते काम पोराला सांगा. पॉलिश करताना दोन्ही खिडक्या उघड्या ठेवा आणि डोळ्यांची तपासणी या महिन्यातच करा. आई, ‘मला काही होत नाही’ हे तुझे पालुपद पुरे. साखर तपासून आकडा मला कळवायचा आणि उपासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे, ते डॉक्टरांना विचारायचे. दिवाळीत तीन आठवडे मी येणारच आहे, तिकीट काढले आहे.

बाबा, माझ्या गुरूंना जवारीचा दोरा हातात घेऊन पाहायचा आहे. तुम्ही वापरता तेच रीळ पाठवा, नवे आणू नका.

तुमची,
बाळी