दारू सोडल्यानंतरच्या तिसऱ्या रात्रीसाठी खाट द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सादर नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यातली. आमचा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा. तरी माझ्या दादाला प्यायला कधी कमी पडली नाही. कधी मोहाची, कधी शेजारच्या जिल्ह्यातून आलेली. ती कशी येते ते विचारायला हे पत्र नाही, तो विषय दुसऱ्या खात्याचा. मला बोलायचं आहे ते त्याने दारू सोडली त्या दिवसांबद्दल.

मुलीच्या साक्षगंधाआधी दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि एकदम सोडली. वहिनीने देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याचा हात इतका थरथरत होता की कपबशी वाजत राहिली. तिसऱ्या रात्री तो चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागला. चादरीवर एकही मुंगी नव्हती. शेजारी म्हणाले, बाहेरचं आहे, मांत्रिकाला बोलवा. कुणी म्हणालं, घोटभर पाजा, शांत होईल. पहाटे फिट आली. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावून पुढे पाठवलं, आणि गाडी मिळेपर्यंत उजाडलं.

मानसोपचाराच्या डॉक्टरांनी आम्हाला नंतर समजावलं. रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूला सरावलेला असतो. ती अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत भास, ताप, फिट, आणि उपचार नसेल तर मृत्यूही. शिवाय अशा माणसाच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व बऱ्याचदा फार कमी उरलेलं असतं. ते आधी न देता नुसतं साखरेचं सलाईन चढवलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दादाच्या बाबतीत नेमकं काय चुकलं, हे मी सांगू शकत नाही. तो वाचला. पण सकाळी काय जेवला ते दुपारी आठवत नाही, आणि लेक सासरी जाऊन वर्ष झालं तरी विचारतो, साक्षगंध कधी आहे?

साहेब, इतकी वर्षं आम्ही त्याला 'सोड, सोड' म्हणत होतो. सोडताना दवाखान्यात न्यावं लागतं, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक विकारही मानसिक आजारातच धरले आहेत, आणि सरकारी उपचार हा प्रत्येकाचा हक्क म्हटला आहे. गडचिरोलीत दारू-तंबाखू सोडवणाऱ्या मुक्तिपथ अभियानाने तालुक्यांत क्लिनिक चालवून दाखवली. मग प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात अशा रुग्णासाठी दोन खाटा, थायमिनची, म्हणजे त्याच बी-१ ची, इंजेक्शनं, फिट थांबवणारी औषधं आणि रात्रपाळीच्या डॉक्टरला याचं प्रशिक्षण, एवढं व्हायला काय हरकत आहे? ही औषधं महाग नाहीत. आशाताईंना दारू सोडल्यावरच्या कंपाची लक्षणं शिकवा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा. आणि पोलीस भट्ट्या फोडतात, गावाची दारू एका दिवसात बंद होते, तेव्हा त्या भागातल्या दवाखान्याला आधी निरोप जाऊ द्या.

आमच्या तालुक्यात या खाटा कधी येतील, तेवढं कळवावं.

आपली,
एक बहीण